उन्हाळी हुरडा

कैरीची फोड दाताखाली करकन तुटली आणि काहीच झालं नाही. अमरावतीच्या पंचवटी चौकात ऑटोची वाट पाहत उभ्या असलेल्या दामिनीच्या तोंडात मीठ होतं, तिखट होतं, एप्रिलच्या उन्हात नुकतीच कापलेली कैरी होती, आणि चव नव्हती. गाडीवरच्या बाईने तिचं सात महिन्यांचं पोट पाहून पैसे न घेताच ती फोड हातावर ठेवली होती. "खाय वो माय, दोन जिवाची हायेस," म्हणाली आणि कौतुकाने दामिनीच्या तोंडाकडे पाहत राहिली, स्वतःच एक डोळा बारीक करून. मग दामिनीनेही डोळा बारीक केला, खांदे आक्रसले, "लय आंबट आहे वो" म्हणाली. बाई खूश झाली. ऑटोत बसल्यावर दामिनीने ती फोड जिभेवर इकडून तिकडे फिरवून पाहिली. ओला पुठ्ठा चघळावा तसं वाटलं. महिनाभर ती स्वतःला सांगत होती की उन्हामुळे तोंड बेचव होतं, सातव्या महिन्यात असं व्हायचंच. पण मीठ-तिखट लावलेली कैरी लागत नाही म्हणजे आता स्वतःला फसवायलाही जागा उरली नाही. ही खूण तिच्या ओळखीची होती. चार वर्षांपूर्वीही आधी चवच गेली होती, बाकीचं सगळं नंतर गेलं.

तेव्हा काही झालेलं नव्हतं, हेच तर कोणाला सांगता येत नाही. कोणी मेलं नव्हतं, कोणी सोडून गेलं नव्हतं. अमरावतीत क्लासमध्ये ती डॉक्टरकीच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांना जीवशास्त्र शिकवत होती आणि चांगलं शिकवत होती. एक दिवस डबा खाताना वरण पाण्यासारखं लागलं. मग रविवारची अंघोळ सोमवारवर गेली. मग फळ्यावर हृदयाची आकृती काढता काढता तिला डावा कप्पा कुठला ते आठवेना आणि दीडशे पोरं वहीवर पेन टेकवून थांबली. मग खोली, कॉट, छताचा पंखा. पंख्याच्या तीन पात्यांपैकी एकावर जळमट होतं आणि ते काढायला हवं, एवढा एकच विचार तिने अकरा दिवस केला. खोलीतली मैत्रीण गीतांजली बोलबोल बोलायची, ओरडायची, शेवटी एका दुपारी काही न बोलता मागे येऊन बसली आणि तिच्या केसांतल्या गाठी सोडवायला लागली. सुटल्या नाहीत, तेव्हा कात्रीने कापल्या. जमिनीवर पडलेला तो केसांचा गुंता दामिनीने पाहिला आणि तिला रडूही आलं नाही, याचीच तिला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी गीतांजलीने तिला अकोल्याच्या गाडीत बसवलं. अकोल्यात तिचे वडील होते, आणि अमरावतीत दवाखान्याच्या पायरीवर क्लासमधल्या पोरांच्या आईबापांनी तिला पाहिलं असतं, पण अकोल्यातला दवाखाना कोणी तिला पाहणार नाही अशा गल्लीत होता. तिथे मनोविकाराच्या डॉक्टर गजाला बसायच्या. त्यांनी गोळ्या दिल्या, बोलायला लावलं, आणि चौथ्या महिन्यात एका सकाळी दामिनीला पोह्यांत लिंबू लागलं. त्या लिंबासाठी ती रडली होती.

अमरावतीला परतून ती पुन्हा शिकवू लागली. लग्न ठरताना कुलदीपला तिने सगळं सांगितलं. तो वीज मंडळात होता, वरूडला नेमणूक, शनिवारी रात्री अमरावतीला घरी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. "त्यात काय," म्हणाला, "माहीबी बीपीची गोळी चालू हाय." माणूस साधा. पण दिवस राहिले तेव्हा दामिनीनेच म्हटलं की गोळ्या बंद करायच्या आहेत. डॉक्टर गजालांनी घाई केली नाही. "देख दामिनी, पुष्कळ बाया गोळी चालू ठेवतात, बाळंही चांगली होतात. थांबवणं म्हणजे शहाणपण अन् घेणं म्हणजे पाप, असं डोक्यात नको ठेवू. तुझी मर्जी असेल तर हळूहळू कमी करू, पण मग बाकीचं सगळं करावं लागेल." बाकीचं सगळं म्हणजे रोज सकाळी उन्हात पाऊण तास चालणं, ठरल्या वेळी झोपणं, आठवड्यातून एकदा फोनवर बोलणं, महिन्यातून दोनदा येणं. आणि नंबर. रोज संध्याकाळी मनाला दहापैकी एक नंबर द्यायचा आणि घरातल्या कोण्या एका माणसाला तो सांगायचा. "रोज डोळ्यासमोर असणारं माणूस पाहिजे. सात दिवस तीनच्या खाली राहिला तर लपवायचं नाही, माझ्याकडे यायचं. हा सौदा खऱ्या नंबरवर आहे बेटा. खोट्या नंबरवर मी काहीच करू शकत नाही." दामिनी हो म्हणाली. रोज डोळ्यासमोर असणारं माणूस घरात एकच होतं, सासू, पार्बताबाई. आणि सासूला सांगायची हिंमत तिला झाली नाही. तिने डॉक्टरांना त्या माणसाच्या जागी कुलदीपचं नाव सांगितलं आणि फोनवर त्याला नंबर देऊ लागली. पहिले चार महिने खरे दिले. सात, सहा, एकदा आठसुद्धा. कुलदीप एवढा आनंदला की त्याने एका मित्राला सांगून टाकलं, माझी बायको गोळ्यांशिवाय राहून राहिली. फोनवर हे सांगतानाचा त्याचा आवाज ऐकला आणि दामिनीला कळलं की आता खाली यायची सोय राहिली नाही. फेब्रुवारीत नंबर चार झाला तेव्हा ती सहा म्हणाली. मार्चमध्ये तीन झाला तेव्हाही सहाच. आता दोन होता, आणि डॉक्टर गजालांनाही ती सहाच सांगत होती.

कारण खरं सांगितलं तर गोळी सुरू होईल. बाळाला काही झालं तर ते आपल्या दुबळेपणामुळे, हे तिच्या मनात खिळ्यासारखं ठोकलेलं होतं. तीच बाई वर्गात पोरांना सांगायची की ऐकीव गोष्टींवर जाऊ नका, पुरावा पाहा. स्वतःच्या पोटाचा प्रश्न आला की विज्ञान दाराबाहेर चपला काढून उभं राहतं. पोटात बाळ लाथ मारायचं तेव्हा शेजारच्या घरी कोणी दार वाजवावं तसं तिला वाटायचं. वाजतंय खरं, पण आपल्याकडे नाही. या गोष्टीची तिला इतकी लाज वाटायची की एकटी असतानाही ती तोंड फिरवून घेई.

वऱ्हाडात गरोदर बाईला कोणी "कशी हायेस" विचारत नाही. "काय खावंसं वाटते?" असं विचारतात, आणि उत्तर आलं नाही तर उत्तर येईपर्यंत विचारतात. डोहाळे पुरवले नाहीत तर लेकराचे कान वाहतात, ही पार्बताबाईची ठाम समजूत. तिच्या जावेचं एक पोरगं मोठं होईस्तोवर कानात कापूस घालून हिंडलं, कारण जावेला बोरं हवी होती आणि ती कोणी आणली नाहीत. त्यामुळे रोज सकाळी चहाचा कप ठेवताना प्रश्न ठरलेला. दामिनीला काहीच खावंसं वाटत नव्हतं. पण काहीच नाही हे उत्तर त्या घरात चालणारं नव्हतं, म्हणून ती सुचेल ते सांगू लागली. कवठ म्हणाली, कवठ आलं. भरडी बिबडी म्हणाली, सासूने वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांतली अर्धओली बिबडी तव्यावर भाजून दिली. गुळाच्या दशम्या, अंबाडीची भाजी, चिंचेचं सार. पार्बताबाई समोर बसून प्रत्येक घास पाहायची आणि दामिनी प्रत्येक घासाला तोंडावर काहीतरी आणायची. त्या नाटकाने ती इतकी दमायची की दुपारच्या वर्गाला उभं राहायला बळ उरायचं नाही. शेवटी एका सकाळी, आता जे मिळणारच नाही असं काही सांगावं, म्हणजे निदान आठवडाभर सुटका, अशा हिशेबाने ती म्हणाली, "हुरडा खावासा वाटते." पार्बताबाईचा हात थांबला. "हुरडा? एप्रिलात? थो तं थंडीचा." "हो ना," दामिनी म्हणाली, "जाऊ द्या मंग." आणि तिला जरा हलकं वाटलं, खोटं बोलणाऱ्या माणसाला वाटतं तेवढं. ही परवाची गोष्ट.

ऑटो घरापाशी थांबला तेव्हा साडेबारा वाजले होते. दाराला कुलूप. समोरच्या तानुबाई किल्ली घेऊन आल्या. "तुही सासू सकाळच्या गाडीनं अकोटले गेली. भावाकडे. उन्हाळी ज्वारी हाय म्हणे त्याच्या वावरात. तुले सांगू नको म्हणे, पण आता तूच इचारशील." दामिनी किल्ली हातात घेऊन उभी राहिली. उन्हाळी ज्वारी. हे तिला सुचलंच नव्हतं. आजकाल पाणी असलेले शेतकरी थंडी सरता सरता ज्वारी पेरतात, ती उन्हात भरते, आणि अकोटकडच्या मामांकडे, शेषराव मामांकडे, पाणी होतं. दर्यापूरवरून जाणारी ती लाल गाडी, तिचे तापलेले पत्रे, बासष्ट वर्षांची बाई, चव्वेचाळीस डिग्रीचं ऊन. फोन लावला तर तो स्वयंपाकघरात फळीवर वाजला. घरात येऊन ती भिंतीला टेकून खाली बसली. आपण हे काय केलं, एवढंच तिला वाटत होतं, आणि ते वाटणंही काचेपलीकडून आल्यासारखं. तिला आठवलं की पंधरा दिवसांपासून तिने सकाळचं चालणं बंद केलं आहे. पाय सुजतात असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. खरं कारण वडाळीचा तलाव होता. एका सकाळी ती पायरीवर उभी राहिली आणि पाण्याकडे पाहत जितका वेळ उभं राहावं त्याहून जास्त वेळ उभी राहिली. कोणी कुत्रं भुंकलं म्हणून ती मागे फिरली. त्या दिवसापासून त्या रस्त्याने गेली नाही, आणि कोणाला बोलली नाही.

पार्बताबाई पाच वाजता आली. डोक्यावरचा पदर ओला करून वाळलेला, चेहरा विटकरीसारखा लाल, ओठ फुटलेले. हातात ओल्या धोतराच्या फडक्यात बांधलेली कणसं. पाणीही न पिता म्हणाली, "जून झाली होती वो सारी. शेषराव म्हणे, बाई, आता नाही भेटत. म्या म्हटलं, पायतो तं खरी. अन् पार खालच्या धुऱ्याले, बांधाकडे, मागास पेरलेली चार तासं सापडली, चारच ओळी. कोवळी, दुधाची." मग दामिनी नको नको म्हणत असताना ती गच्चीवर गेली, घमेल्यात दोन गोवऱ्या पेटवल्या, आणि त्या उन्हाच्या वाफेत वाकून कणसं भाजू लागली. भाजलेलं कणीस तळहातावर चोळायचं असतं ते गरम असतानाच, नाहीतर दाणा सुटत नाही. ती चोळत होती, फुंकत होती, तूस उडवत होती. दामिनी समोर पाट घेऊन बसली. धुराने डोळे चुरचुरत होते. तिच्या लहानपणी अकोल्याहून मळ्यात जायचे सगळे, आई असायची, आई असाच हुरडा चोळून तिच्या ओंजळीत टाकायची आणि "गरम हाय, गरम हाय" म्हणत स्वतःच फुंकायची. आई गेल्याला सहा वर्षं झाली. त्या हुरड्याची चव तिला आठवत होती, दाणा फुटला की येणारा तो गोड दुधाळ वास, वरून शेंगदाण्याची चटणी. आठवणीत चव होती. फक्त तोंडात नव्हती.

पार्बताबाईने ओंजळभर हिरवे दाणे तिच्या हातावर ओतले आणि समोर बसली. पाहू लागली. दामिनीने दाणे तोंडात टाकले. गरम आहेत एवढं कळलं. तिने चावले. समोर सासूचे दोन्ही तळहात काळे झालेले, अंगठ्याच्या मुळाशी एक फोड टरारून आलेला, आणि खांद्यावर पोलक्याला घामाच्या मिठाच्या पांढऱ्या रेघा. "कसा हाय?" पार्बताबाईने विचारलं. 'मस्त' हा शब्द दामिनीने उचलला. तो नेहमी हाताशी असायचा. आज तो वर आला नाही. तिने दुसऱ्यांदा प्रयत्न केला आणि तोंडून भलतंच निघालं.

"आई, मले चव नाही लागून राहिली."

"जून झाला काय?" पार्बताबाई घाबरून कणसांकडे पाहू लागली.

"हुरडा चांगला आहे. मलेच लागत नाही. कशाचीच नाही लागत, महिना झाला. कवठाची नाही लागली, बिबडीची नाही लागली. मले काहीच खावंसं वाटत नाही आई. मी खोटं सांगत होती. हुरडा याच्यासाठी सांगितला का थो भेटणार नाही."

मग तिने सगळं सांगितलं. सलग नाही, मागचं पुढे, पुढचं मागे. गीतांजलीची कात्री, अकोल्याची गल्ली, गोळ्या, त्या कशा कमी केल्या, कुलदीपला माहीत आहे पण खरं माहीत नाही, दहापैकी नंबर, सहा म्हणून सांगितलेला दोन. तलावाचं तेवढं तिने सांगितलं नाही. घमेल्यातली गोवरी विझत आली. सगळं संपल्यावर पार्बताबाई म्हणाली, "म्हंजे इतके दिवस तू मले फिरवलं." आवाज मोठा नव्हता. तिने पाटावरचा हुरडा फडक्यात गोळा केला, एकेक दाणा वेचून, आणि गुडघ्यावर हात टेकत उठून जिना उतरून गेली. दामिनी तिथेच बसून राहिली. सांगितल्याने माणूस मोकळं होतं असं म्हणतात. ती मोकळी वगैरे झाली नाही. एका म्हातारीला आपण उन्हात पळवलं आणि वर तिचं मन मोडलं, एवढंच तिला दिसत होतं. शेजारच्या घराचं दार पोटात वाजलं. तिने हात ठेवला नाही.

अर्ध्या तासाने जिन्यावर पावलं वाजली. पार्बताबाई तोंड धुऊन आली होती. हातात पाण्याचा तांब्या. तो तिने दामिनीपुढे ठेवला आणि बाजूला बसली, समोर नाही. खाली रस्त्यावर पोरांच्या सायकली चालल्या होत्या.

"आज किती हाय?"

"काय?"

"थो नंबर. डाक्टरीण सांगा म्हणते थो."

"दोन."

"दहातला?"

"हो."

पार्बताबाईने तांब्या तिच्याकडे आणखी सरकवला. मग म्हणाली, "दोनावर राहून रोज मले हासून दाखवे. म्या काय पाह्यलं मंग? घास पाह्यले नुसते." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलं नाही. "रागावली मी तुह्यावर. खोटं कावून बोलू. रागावलीच हाय अजून. उद्या अकोल्याले पयली गाडी कितीची?"

सकाळची गाडी मूर्तिजापूरला आली तेव्हा ऊन चढलं होतं. पार्बताबाईचे पाय कालच्या चालण्याने सुजलेले, चपलेत मावत नव्हते. ती खिडकीशी बसली नाही. दामिनीला हवा लागावी म्हणून तिला खिडकीशी बसवलं आणि स्वतः पदर आडवा धरून तिच्यावरचं ऊन अडवत बसली. दवाखान्यात डॉक्टर गजालांनी चष्मा वर करून दोघींकडे पाहिलं. "आईला घेऊन आलीस? बरं झालं. बस. किती आहे?" आणि दामिनीच्या तोंडून "सहा" निघून गेलं. तिलाच कळलं नाही. इतक्या आठवड्यांची सवय, जीभ आपोआप वळली. खोलीत पंखा फिरत होता. पार्बताबाईने फक्त आपले भाजलेले तळहात मांडीवर उलटे होते ते सरळ केले. फोड फुटून गेला होता. दामिनीने ते पाहिलं.

"सहा नाही," ती म्हणाली. "दोन. वीस-बावीस दिवसांपासून दोन. त्याच्याआधी तीन होता. तुम्हाला मी फेब्रुवारीपासून खोटं सांगितलं." आणि मग जे गच्चीवर सांगितलं नव्हतं तेही निघालं. वडाळीचा तलाव, पायरी, पाणी, कुत्रं भुंकलं ते. डॉक्टर गजालांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, पण हसराही राहिला नाही. "ये मुझे उसी दिन चाहिए था, बेटा," त्या हळू म्हणाल्या. मग म्हणाल्या की आता एकटीने काही ठरवायचं नाही. तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंशी आजच बोलते, गोळी परत सुरू करायची की कसं ते आपण सगळ्या बसून ठरवू. सुरू केली तर तो पराभव नाही. आणि तोवर एक क्षणही तिने एकटं राहायचं नाही. पार्बताबाईला यातलं किती कळलं कोण जाणे. तलाव कळला. तिने हात पुढे करून दामिनीचं मनगट धरलं, रस्ता ओलांडताना लेकराचं धरतात तसं, घट्ट, जरा दुखेल असं.

ते तिने सोडलं नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवर नाही, स्टॅण्डवर नाही, कंडक्टरकडून तिकिटं घेताना दुसऱ्याच हाताने कनवटीचे पैसे काढले. बडनेरा येईपर्यंत दामिनीच्या मनगटावर घाम साचला. बाहेर ऊन उतरत होतं, काळी रानं रिकामी पडली होती. तिला बरं वाटत नव्हतं. काहीही बदललं नव्हतं, तोंड तसंच पुठ्ठ्याचं होतं, पुढचे दोन महिने तसेच समोर उभे होते. बाळाने लाथ मारली आणि शेजारच्या घरचंच दार वाजलं. तिने मोकळा हात पोटावर ठेवला. काही वाटेना, तरी ठेवला. सहा वाजले होते, नंबर सांगायची वेळ. पार्बताबाई तिच्याकडे न पाहता म्हणाली, "आज किती?"

दामिनीने विचार केला. सकाळपासून एवढं झालं, म्हातारी एवढी पायपीट करून आली, निदान तीन तरी म्हणावं, असं मनात येऊन गेलं.

"दोनच आहे आई."

"दोन तं दोन," पार्बताबाई म्हणाली. "खरा हाय ना?"

"खरा आहे."

"मंग असू दे," ती म्हणाली, आणि मनगट दुसऱ्या हातात घेतलं, कारण पहिला हात दुखायला लागला होता.